पंखा फिरतो, पडदा काळा

‘पोटात दुखतंय’ म्हणत कुणी आलं की डॉक्टरचे प्रश्न ठरलेले असतात : नेमकं कुठं, कधीपासून आणि त्याआधी काय झालं होतं? ‘कॉम्प्युटर सुरू होत नाही’ या तक्रारीलाही हेच तीन प्रश्न लागू पडतात. पण ते विचारायच्या आतच आपण बटण दहा वेळा दाबून पाहतो, किंवा ‘मदरबोर्ड गेला’ असं जाहीर करून मोकळे होतो. तपासणीआधीच मृत्यूचा दाखला लिहून द्यावा, तसा हा प्रकार आहे.

आरोग्याच्या सदरात संगणकाचं दुखणं कशाला, असं काही वाचकांना वाटेल. शिरूर-दौंडच्या पट्ट्यात सरकारी दवाखान्याच्या केसपेपरच्या खिडकीपाशी अर्धा तास उभं राहून पाहा. जन्म-मृत्यूची नोंद, औषधांचा साठा, रक्ताचे अहवाल, लसीकरण, जन आरोग्य योजनेतल्या शस्त्रक्रियेची मंजुरी, सगळं आता त्या एका पेटीतून जातं. ती पेटी सकाळी उठली नाही तर रांग थांबते. त्या रांगेत ऊसतोडीच्या फडावरून आलेली, नववा महिना भरलेली बाई असते, आणि फेऱ्यावर फेऱ्या मारणं तिला परवडणारं नसतं. खासगी दवाखाना, शाळा, ग्रामपंचायतीचं सेवा केंद्र किंवा घरात मुलीच्या अभ्यासाचा लॅपटॉप, सगळीकडे थोड्याफार फरकानं हीच गोष्ट.

आधी तक्रार नीट समजून घेऊ. ‘सुरू होत नाही’ या तीन शब्दांत किमान चार वेगवेगळी दुखणी लपलेली असतात. बटण दाबलं तरी दिवा नाही, पंखा नाही, आवाज नाही, हे पहिलं. यात दोष बहुतेकदा विजेच्या वाटेवर असतो, म्हणजे सॉकेट, वायर, अडॅप्टर किंवा आतला एसएमपीएस. पंखा फिरतो, दिवा लागतो, पण पडदा काळाच राहतो, हे दुसरं. कंपनीचं नाव झळकतं आणि गाडी तिथंच अडते, हे तिसरं. आणि ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’ अशी अक्षरं येतात किंवा विंडोजचा निळा पडदा दिसतो, हे चौथं. चौथ्या प्रकारातला रुग्ण शुद्धीवर आहे, स्वतःचं दुखणं स्वतः सांगतो आहे. त्याची डिस्क बिघडली असेल, विंडोज बिघडलं असेल, पण आपण आज ज्याच्याबद्दल बोलणार आहोत ते फर्मवेअर बहुधा शाबूत आहे. संशयाला खरी जागा आहे ती दुसऱ्या प्रकारात, आणि थोडीफार तिसऱ्यात.

हे फर्मवेअर म्हणजे काय? संगणकाच्या मदरबोर्डवर हरभऱ्याच्या दाण्याएवढी, बहुधा आठ पायांची एक चिप असते. हल्लीच्या यंत्रांत तिच्यात साधारण १६ किंवा ३२ एमबी मजकूर मावतो, म्हणजे मोबाइलनं काढलेल्या चार-सहा फोटोंइतका. वीज आल्यावर प्रोसेसर जागा होतो तेव्हा त्याला काहीच ठाऊक नसतं. रॅम अजून वापरता येत नाही, कीबोर्ड ओळखीचा नसतो, डिस्क कुठं आहे याचा पत्ता नसतो. एक ठरलेली जागा तेवढी त्याच्या घडणीतच कोरलेली असते आणि तिथं जाऊन तो पहिली सूचना वाचतो. इंटेलच्या घराण्यातल्या प्रोसेसरांत ही जागा ४ जीबीच्या हद्दीच्या फक्त १६ बाइट अलीकडे आहे. एवढ्याशा जागेत ‘पुढं अमुक ठिकाणी जा’ याखेरीज काही लिहिताच येत नाही. तिथून पुढची सगळी वाट त्या चिपमधला मजकूर दाखवतो : रॅम तपास, पडदा चालू कर, कीबोर्ड शोध, डिस्क शोध आणि मग कारभार विंडोजच्या हाती दे. या मजकुराला जुने लोक बायोस म्हणतात. नव्या यंत्रांत त्याची जागा यूईएफआयनं घेतली आहे, पण दुकानात आजही बायोस हाच शब्द चालतो, आपणही तोच वापरू.

नवजात बाळाशी याची तुलना मला फार जवळची वाटते. बाळ जन्मलं की पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला आम्ही पाच गोष्टींना गुण देतो : रंग, नाडी, चेहऱ्यावरची प्रतिक्रिया, हातापायांची हालचाल आणि श्वास. व्हर्जिनिया अपगार या अमेरिकन भूलतज्ज्ञ बाईंनी १९५२ साली ही पद्धत आखली. संगणकही वीज मिळाल्यावर स्वतःची अशीच एक तपासणी करतो. जुन्या यंत्रांत ती उत्तीर्ण झाली की एकच बारीक ‘पीं’ ऐकू यायची. ते त्याचं पहिलं रडणं. रॅम नीट बसली नसेल तर ‘पीं पीं पीं’ असा वेगळाच सूर लागे. आता बऱ्याच यंत्रांत आवाज नसतो. लॅपटॉपमध्ये कॅप्स लॉकचा किंवा बॅटरीचा दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो. किती वेळा, कोणत्या रंगात, हे मोजून कागदावर लिहून घ्यावं, कारण कंपनीच्या माहितीपुस्तकात त्या आकड्याचा अर्थ दिलेला असतो. आणि एक ध्यानात ठेवावं : पडदा उजळणं ही या तपासणीतली बरीच उशिराची पायरी आहे. पडदा काळा आहे याचा अर्थ आत काहीच चाललेलं नाही, असा होत नाही.

हा मजकूर बिघडतो तरी कसा? एकेकाळी तो सहजासहजी बिघडतच नसे. जुन्या चिपांतला मजकूर पुसायचा तर चिप काढून अतिनील प्रकाशाखाली ठेवावी लागे. नव्वदीच्या दशकात फ्लॅश चिपा रुळल्या आणि खोलीत बसल्या बसल्या, चालत्या संगणकावरून फर्मवेअर बदलण्याची सोय झाली. पण जे बसल्या जागी बदलता येतं, ते बसल्या जागी बिघडवताही येतं. तैवानमधल्या चेन इंग-हाव या विद्यार्थ्यानं लिहिलेला सीआयएच हा विषाणू १९९८ मध्ये पसरू लागला आणि २६ एप्रिल १९९९ रोजी विंडोज ९५ आणि ९८च्या यंत्रांवर एकदम उठला. चेर्नोबिलच्या अपघाताची ती तारीख, म्हणून लोकांनी त्याला चेर्नोबिल विषाणू म्हटलं. तो डिस्कच्या सुरुवातीचा १ एमबी भाग कोरा करी आणि काही मदरबोर्डांच्या बायोस चिपमध्ये कचरा लिहून ठेवी. दक्षिण कोरिया आणि तुर्कस्तानात त्यानं मोठं नुकसान केलं. बायोस पुसलं गेलेल्या संगणकाला मग ना फ्लॉपी चाले, ना सीडी. चिप बदलणं किंवा नव्यानं लिहिणं एवढाच उपाय उरे. तो काळ पुण्यातही संगणकांच्या आजारपणाचा होता. मूळचे रहिमतपूरचे कैलास काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता संगणकदुरुस्तीकडे वळले आणि धाकटे बंधू संजय यांनी विषाणू काढणारी प्रणाली लिहिली, तीच पुढं क्विक हील म्हणून देशभर गेली. दुरुस्तीच्या टेबलावरून सुरू झालेला तो धंदा आहे, हे मला विशेष वाटतं.

आज घरगुती संगणकात फर्मवेअर बिघडण्याचं विषाणू हे दुर्मीळ कारण आहे. नेहमीचं कारण साधं असतं : फर्मवेअरचं अपडेट चालू असताना वीज गेली, किंवा कुणी घाबरून बटण दाबून धरलं. जुना मजकूर पुसून नवा लिहिला जात असतानाची ती काही मिनिटं म्हणजे उघड्या पोटानं टेबलावर झोपलेला रुग्ण. दुसरं कारण म्हणजे जवळपासच्याच पण वेगळ्या मॉडेलची फाइल टाकणं. तिसरं म्हणजे अपडेटच सदोष असणं. मे २०२४ मध्ये एचपीच्या काही प्रोबुक लॅपटॉपांवर विंडोजमार्फत बायोसचं अपडेट आपोआप आलं आणि त्यानंतर ते सुरूच होईनात, अशा तक्रारी झाल्या होत्या. मालकानं काहीच केलेलं नव्हतं. आपल्या भागात या सगळ्याला विजेची जोड मिळते. अवकाळीचा गडगडाट सुरू झाला की शिरूर काय, दौंड काय, दिवे मिचकावतात, एखादी फेज जाते, परत येते तेव्हा व्होल्टेज भलतंच असतं. यूपीएस असतो, पण त्याची बॅटरी कधी बदलली हे कुणालाच आठवत नसतं.

तरीही पहिला संशय फर्मवेअरवर घेऊ नका. काखेत कळसा आणि गावाला वळसा, हे या बाबतीत फार घडतं. टेबलावरच्या संगणकाचा मॉनिटर स्वतःच बंद असतो, त्याची केबल सैल असते, किंवा केबल चुकीच्या खोबणीत असते. शेजारचा चालता मॉनिटर लावून पाहणं हे दोन मिनिटांचं काम. कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबा. दिवा लागत-विझत असेल तर आत बराच कारभार चालू आहे आणि दोष बहुधा पडद्याच्या बाजूला आहे. मग पेन ड्राइव्ह, प्रिंटर, स्कॅनर अशी सगळी बाहेरची लटांबरं काढा. लॅपटॉप असेल तर अडॅप्टर काढा, बॅटरी सुटी होत असेल तर तीही काढा, आणि सुरू करायचं बटण अर्धा मिनिट दाबून ठेवा, म्हणजे आत साठलेली वीज निघून जाते. पुन्हा अडॅप्टर लावून बघा. आश्चर्य वाटेल इतके लॅपटॉप एवढ्यानंच डोळे उघडतात.

याच्या पुढची पायरी रॅम. वीज पूर्ण तोडून, हात आधी एखाद्या उघड्या धातूला लावून, रॅमची पट्टी काढायची, तिच्या सोनेरी दातांवरून शाळेतलं खोडरबर हलकेच फिरवायचं, कीस झटकून पुन्हा ‘टक्’ आवाज येईपर्यंत बसवायची. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहायची. गळीत हंगामात भीमेच्या आणि घोडच्या काठच्या कारखान्यांची काजळी वाळत घातलेल्या कपड्यांवर पडते, तशीच ती संगणकाच्या पोटातही जाते. धूळ आणि काजळीचं पुटं चढलेल्या यंत्रात रॅमचा संपर्क तुटणं हे मी फर्मवेअरच्या बिघाडापेक्षा कितीतरी जास्त वेळा पाहिलं आहे. एसएमपीएसचा डबा मात्र घरी उघडू नका. २३० व्होल्टची वीज त्यात सरळ करून साठवलेली असते, ती सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास जाते, आणि वायर काढल्यावरही काही काळ आत राहू शकते.

नंतर येतो मदरबोर्डवरचा चपटा गोल सेल. हा ३ व्होल्टचा, सीआर२०३२ जातीचा. यंत्र बंद असताना घड्याळ आणि काही सेटिंग जपणं हे त्याचं काम. तो उतरला की तारीख भलतीच दिसू लागते, ‘चेकसम’ असा शब्द असलेला इशारा येतो. काही वेळा बिघडलेल्या सेटिंगमुळेच यंत्र अडून बसतं. वीज तोडून हा सेल पाच मिनिटं काढून ठेवला की बहुतेक यंत्रांत ती सेटिंग मूळ पदावर येतात. नव्या, डीडीआर५ रॅमच्या यंत्रांत यानंतरचा पहिला आरंभ फार सावकाश होतो. काही मिनिटं पडदा काळा राहतो आणि लोक घाबरून पुन्हा बटण दाबतात. दाबू नका. चहा घ्या.

आणि हा काढलेला सेल कुठं ठेवता, ते मला, डॉक्टर म्हणून, विचारलंच पाहिजे. टेबलावर ठेवू नका, खिडकीत ठेवू नका. व्यास २० मिलिमीटर, चकचकीत, रांगत्या मुलाच्या बरोबर डोळ्यात भरणारा. तो गिळला गेला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतली त्वचा गंभीर भाजू शकते. कारण सेलची दोन्ही टोकं ओल्या मांसाला टेकतात, त्यातून वीज वाहते आणि ऋण टोकापाशी कॉस्टिक सोड्यासारखा दाहक अल्कली तयार होतो. संगणकाच्या दृष्टीनं उतरलेला सेलसुद्धा एवढं करायला पुरेसा ताजा असतो. मूल लाळ गाळतं, गिळत नाही, खोकतं. कधी कधी काहीच दाखवत नाही. एक्स-रेमध्ये तो नाण्यासारखाच दिसतो, पण नीट पाहिलं तर कडेला दुहेरी वर्तुळ असतं. संशय आला तरी थेट एक्स-रेची सोय असलेला दवाखाना गाठा, १०८ला फोन करा. उलटी करवू नका. मूल एक वर्षापेक्षा मोठं असेल, गिळता येत असेल आणि घटना बारा तासांच्या आतली असेल तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन छोटे चमचे मध द्यावा, जास्तीत जास्त सहा वेळा. त्यानं जखम खोल जाण्याचा वेग कमी होतो. पण मध शोधण्यात वेळ घालवू नये. शेवटी दुर्बिणीनं तो सेल काढावाच लागतो आणि त्यासाठी बहुधा पुणे गाठावं लागतं. म्हणून जुन्या सेलला दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी गुंडाळा आणि मुलांच्या हाताबाहेर, झाकणाच्या डबीत टाका.

आता मूळ मुद्द्याकडे. हे सगळं करूनही पंखा फिरतो, पडदा काळा, कसलाही सूर नाही, किंवा यंत्र काही सेकंदांत आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होत राहतं. आणि ‘आधी काय झालं होतं?’ या प्रश्नाचं उत्तर ‘अपडेट चालू होतं’ असं आलं, तर मात्र फर्मवेअरचं निदान धरायला हरकत नाही. आणि हे निदान वाईट नाही. मजकूर बिघडला आहे, यंत्र नाही. डिस्क तर पूर्णपणे वेगळी वस्तू, तिच्यावरच्या नोंदींना सहसा धक्काही लागलेला नसतो. म्हणून या टप्प्यावर कुणी ‘फॉरमॅट मारून बघू’ म्हणालं तर त्याचा हात धरा. पायाला लागलंय म्हणून डोकं भादरण्यातला तो प्रकार होईल.

बऱ्याच कंपन्यांनी अशा वेळेसाठी चोरवाट ठेवलेली असते. दुसऱ्या संगणकावरून कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावर जायचं, यंत्राच्या पाठीवरचं मॉडेल अक्षरन् अक्षर जुळवून फाइल घ्यायची आणि पेन ड्राइव्हवर ठेवायची. एचपीच्या अनेक लॅपटॉपांत विंडोज आणि बी ही बटणं दाबून धरून सुरू करायचं बटण दोन-तीन सेकंद दाबतात. डेलच्या बऱ्याच लॅपटॉपांत कंट्रोल आणि एस्केप दाबून धरून अडॅप्टर जोडतात. असुसच्या काही मदरबोर्डांवर त्यासाठी वेगळी यूएसबी खोबण आणि बटण आहे, गिगाबाइटच्या काहींवर तर फर्मवेअरची दुसरी चिपच राखीव ठेवलेली असते. दर मॉडेलचा रिवाज वेगळा, म्हणून माहितीपुस्तक आधी वाचावं.

चोरवाटही बंद असेल तर काम कारागिराचं. काही वर्षांपूर्वी, पावसाळ्यात, तालुक्यातल्या एका सरकारी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत असंच घडलं. रक्तपेशी मोजणाऱ्या यंत्राला जोडलेल्या संगणकावर रात्री अपडेट सुरू झालं, वीज कोसळली, लाइन गेली आणि यूपीएसनं दोन मिनिटंही तग धरला नाही. सकाळी पंखा फिरत होता, पडदा काळा. डेंगीचे दिवस. वॉर्डात दहा-बारा रुग्ण असे, की ज्यांच्या प्लेटलेटच्या आकड्यावर कुणाला ठेवायचं, कुणाला पुण्याला पाठवायचं ते ठरणार. फोनवर सल्ला मिळाला : मदरबोर्ड गेला, नवा संगणक घ्या. नवा संगणक मिळाला असता, पण रक्तपेशींच्या यंत्राची प्रणाली त्याच्यावर कोण चढवणार? तिची सीडी सापडत नव्हती. प्रयोगशाळेतल्या निवृत्तीला आलेल्या तंत्रज्ञ बाईंनी कपाटातून न्यूबाउअरची मोजपट्टी काढली, सूक्ष्मदर्शक पुसला आणि दोन दिवस प्लेटलेट डोळ्यांनी मोजल्या. नव्या पोरांना ते येत नव्हतं. बाई म्हणाल्या, “सर, आकडा दहा-वीस हजारांनी इकडंतिकडं होईल, पण पेशंट चुकायचा नाही.”

संगणक तोवर न्हावरा-चौफुला रस्त्यानं मोटारसायकलवर, गोधडीत गुंडाळून दौंडला गेला होता. तिथल्या कारागिरानं पेटी उघडली, चिपच्या आठ पायांना चिमट्यासारखी क्लिप लावली, दुसऱ्या टोकाला काही शे रुपयांचं छोटं प्रोग्रामर यंत्र आणि त्याला त्याचा लॅपटॉप. मला कौतुक वाटलं ते त्याच्या पहिल्या कामाचं. काही लिहिण्याआधी त्यानं चिपमधला बिघडलेला मजकूर जसाच्या तसा वाचून जपून ठेवला. प्रतिजैविक देण्याआधी कल्चरसाठी रक्त काढून ठेवावं, तसं. कारण त्याच चिपमध्ये त्या यंत्राचा अनुक्रमांक, अनेकदा नेटवर्कचा पत्ता आणि विंडोजचा परवानाही असतो. दुसऱ्याचं फर्मवेअर आंधळेपणानं चढवलं तर ते सगळं पुसलं जातं. मग त्यानं चिपवरचा क्रमांक भिंगातून वाचला. काही चिपा ३.३ व्होल्टच्या, काही १.८ व्होल्टच्या, प्रोग्रामर जास्त दाबाचा असेल तर दुरुस्तीच मारक ठरते. तासाभरात पडद्यावर कंपनीचं नाव आलं. डिस्कवरची एकही नोंद गेली नव्हती. तुमच्या गावातला कारागीर आधी जुना मजकूर वाचून ठेवतो की नाही, हे त्याला विचारा. त्याच्या उत्तरावरून माणूस कळतो.

एवढी जोखीम असेल तर फर्मवेअर अपडेट करावंच कशाला, असा प्रश्न येतो. चालतंय ते चालू द्यावं, हा आपला जुना बाणा. तो अर्धाच बरोबर आहे, आणि उरलेला अर्धा समजण्यासाठी संगणकापेक्षा पेसमेकरकडे पाहावं. पेसमेकरमध्येही फर्मवेअर असतं. ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकानं सेंट ज्यूड कंपनीच्या, म्हणजे तेव्हा अॅबटच्या झालेल्या, काही पेसमेकरांसाठी अपडेट मंजूर केलं. बाहेरच्या कुणी रेडिओलहरींनी त्यात शिरकाव करू नये म्हणून. एकट्या अमेरिकेत असे सुमारे ४ लाख ६५ हजार पेसमेकर होते. कुणाला इजा झाल्याची नोंद नव्हती, भीती शक्यतेची होती. अपडेटला लागणारा वेळ सुमारे तीन मिनिटं; तेवढ्या वेळात यंत्र राखीव पद्धतीवर जाऊन मिनिटाला ६७ ठोके देत राहतं. आधीच्या अपडेटांच्या अनुभवावरून यंत्र पूर्णच निकामी होण्याचं प्रमाण ०.००३ टक्के धरलं होतं. ऐकायला नगण्य. पण साडेचार लाखांच्या वर माणसांना लावलं तर चौदा जण होतात, आणि त्यातला एखादा केवळ पेसमेकरवरच जगत असतो. म्हणून ते घरबसल्या करू दिलं नाही. दवाखान्यात, डॉक्टरांसमोर, तात्पुरत्या पेसमेकरची तयारी ठेवून, आणि करायचं की नाही हे रुग्णाशी बोलून ठरवून. अपडेट टाळणं आणि अपडेट बेफिकिरीनं करणं, या दोन्हींच्या मधला हा रस्ता आहे.

टेबलावरच्या संगणकालाही तोच लावावा. सुरक्षेसाठीचं अपडेट असेल तर करावं. पण आभाळ भरून आलेलं असताना नाही, ओपीडी सुरू असताना नाही. लॅपटॉप असेल तर बॅटरी पूर्ण भरलेली आणि अडॅप्टरही लावलेला. डेस्कटॉप असेल तर यूपीएसची वायर भिंतीतून काढून तो खरंच किती मिनिटं तग धरतो हे आदल्या दिवशी, दुसरं काही काम चालू नसताना, पाहून ठेवावं. अपडेट चालू झालं की पडदा मधेच काळा होतो, पंखा जोरात फिरतो, यंत्र दोन-तीनदा आपलं आपण बंद-चालू होतं. पंधरा-वीस मिनिटं कुणीही हात लावायचा नाही. प्रयोगशाळेच्या किंवा एक्स-रेच्या यंत्राला जोडलेल्या संगणकावर तर हे अपडेट आपोआप होऊच देऊ नये. यंत्राच्या कंपनीचा माणूस समोर असताना, ठरवलेल्या दिवशी करावं, आणि त्या दिवशी कागदी रजिस्टर टेबलावर असावं.

एक शेवटची गोष्ट नव्या लॅपटॉपांसाठी. विंडोज ११च्या अनेक यंत्रांत डिस्कवरचा मजकूर आपोआप कुलूपबंद होतो. फर्मवेअर नव्यानं लिहिलं किंवा मदरबोर्ड बदलला की त्या कुलपाला संशय येतो आणि ते ४८ अंकी चावी मागतं. दुरुस्ती उत्तम झालेली असते, पडदा उजळलेला असतो, आणि ती चावी नसेल तर मुलीचे प्रकल्प, दुकानाचे हिशेब, दवाखान्याच्या नोंदी समोर असून हाती लागत नाहीत. कारागीर तर सोडाच, कंपनीही त्या उघडून देऊ शकत नाही. ही चावी बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते, पण खातं कुणी उघडलं होतं? कार्यालयातून बदली होऊन गेलेल्या क्लार्कनं, किंवा दुकानदारानंच स्वतःच्या ईमेलवर. संगणक धडधाकट आहे तोवरच सेटिंगमध्ये जाऊन ती चावी शोधा, कागदावर लिहा, दुसऱ्या कुणाकडून आकडे पडताळून घ्या आणि तो कागद केसपेपरांच्या कपाटात ठेवा. त्याच संगणकात फाइल करून ठेवू नका.